टावेल ठेवाले जागा नाही

...अन् आता दाराच्या मागंही टावेल! म्हणजे पाहा, आधीच आमची बाथरूम केवढी, तं माणूस आत गेला का एक कोपर भितीले लागते अन् दुसरं गिझरच्या नळाले, साबण हातातून सुटला तं आधी बाहेर या लागते, मंग वाकून आत हात घालून तो शोधा लागते... अशा बाथरूममंधी सूनबाईनं दाराच्या मागं दोन दांड्या ठोकल्या, एकीवर टावेल, दुसरीवर टावेल, आता दार काही पुरं उघडत नाही, अर्धं उघडते अन् थांबते, अन् मी आडवा होऊन आत जातो. तुम्हाले सांगतो, या वयात माणसानं आंघोळीले आडवं होऊन जावं? काहून? तं टावेलाले जागा पायजे. मले काय, मले एक दुपट्टा पुरते.

हा पाहा दुपट्टा. खांद्यावर असते, ऊन लागलं का डोक्यावर जाते, बसाचं असलं का खाली आंथरतो, बाजारात पिशवी नसली का वांगे त्यात बांधतो, आंघोळ झाली का आंग पुसतो, तिथंच पिळतो, बाल्कनीत टाकतो, अन् नागपूरचं ऊन तुम्हाले माहीतच हाय, चहा पिऊन येतो तोवर दुपट्टा पापडासारखा कडक. त्याले ठेवाची जागा म्हणजे मी. दांडी नाही, हूक नाही, फळी नाही.

मंग घरात एवढे टावेल आले कुठून? तं खरं सांगतो, माह्यामुळंच आले. आपल्याकडं रीत हाय ना... लग्न असो, साक्षगंध असो, तेरवी असो, वडीलधारा माणूस आला का त्याले पाटावर बसवाचं, कुंकू लावाचं, टावेल-टोपी देऊन मान कराचा. आता आमच्या भावकीत माह्यावरचे होते ते एकेक करून गेले, अन् मी राहिलो. म्या काही केलं नाही, फक्त गेलो नाही. तेवढ्यावर जिकडं जावं तिकडं पहिला टावेल मले. टोपी मी घालतो, त्यानं टोप्या झिजतात. टावेल झिजत नाही. तो काही पुसाचा टावेलच नसते, कडक, पातळ, पन्नीत बांधलेला, वरून चमकते, द्याचा-घ्याचा टावेल तो. पण फेकता येत नाही, मानाचा हाय. फरशी पुसता येत नाही, मानाचा हाय. बायजाबाई होती, माही बायको, तवा गावच्या घरी एक लोखंडी पेटी होती, ते टावेल त्या पेटीत पडून राहत, कोणी त्याहीचं नाव घेत नव्हतं. ती गेली, मी पोराकडं नागपूरच्या नंदनवनले आलो, पेटी जिन्याच्या वळणात अडकली. टावेल मात्र वर आले.

कपाटात जागा नाही, पलंगाखाली जागा नाही, म्हणून टावेल बाथरूममंधी. माही सून दिपाली मोठी गुणाची हाय, तिले नाव ठेवाले जागा नाही. पण तिच्या मोबाईलमंधी एक बाई राहते. कोण, कुठची, देव जाणे, पण रोज हासून हासून सांगते, 'मैत्रिणींनो, लहानशा बाथरूममध्ये टॉवेल ठेवण्याच्या सोप्या युक्त्या पाहूया...' अन् तिची ती लहानशी बाथरूम पाहाल तं तिच्यात माही बैलजोडी उभी राहिली असती, वर चारा ठेवाले जागा उरली असती.

पहिले आले चिपकवाचे हूक. सूनबाई मले म्हणे, 'मामाजी, भितीले भोक नाही पाडा लागत, नुसतं दाबाचं.' दाबले. मी डोक्याले साबण लावून, डोळे मिटून बसलो, का मागून टप्प... हूक पडला. थोड्या वेळानं टप्प... दुसरा. मले असं वाटे का कोणी मागं उभं राहून मले बोरं मारून राहिलं. अन् टावेल? टावेल बादलीत. मंग शिडी आली. धर्मेंद्र, माहा पोरगा, त्यानं बांबूची लहान शिडी आणली, भितीले टेकवली, एकेका पायरीवर एकेक टावेल घातला. म्या विचारलं, धर्मा, हिच्यावर चढून कुठी जाचं? तं म्हणे बाबा, चढाची नाही, शोची हाय. म्या म्हटलं बरं. शिडी हाय, चढाची नाही... असन बावा. तं झालं काय, ओल्या फरशीवरून एक दिवस ती शिडी घसरली अन् आतून दाराले आडवी लागली. आत कोणी माणूस नाही, अन् दार आतून बंद! सारं घर बाहेर उभं, अन् धर्मेंद्र मागच्या खिडकीतून झाडूच्या दांडीनं शिडीले ढोसून राहिला. सकाळची वेळ. ज्याची गरज तो शेजारी गेला. मले काय, मले एक दुपट्टा पुरते, पण बाथरूम तं लागते ना.

मंग फळी आली, कमोडच्या वर. तिच्यावर मानाचे टावेल, पन्नीतून काढून, गुंडाळून, बिडीच्या बंडलासारखे रचलेले, अन् एकेकाले निळी रिबन. मी खाली बसलो का वर सारी भावकी बसली हाय असं वाटे... हा देवाजीच्या तेरवीचा, हा त्याच्याच पोरीच्या लग्नाचा... म्या विचारलं, सूनबाई, आंग पुसाचं असलं तं गाठ सोडाची का? तं ती म्हणे, 'नाही मामाजी, ते शोचे हायत. पुसाचे दाराच्या मागं.' म्हणजे पुसाचे वेगळे अन् पाहाचे वेगळे. मी हळूच म्हटलं का बाई, खिडकीच्या गजापासून इकडच्या खिळ्यापर्यंत एक दोरी बांधा, वलनी करा, झालं. तं म्हणे, वलनी चांगली नाही दिसत. कोणाले नाही दिसत? बाथरूममंधी पाहाले येते कोण? तं म्हणे, पाहुणे.

अन् तुम्हाले सांगतो, पाहुणे खरंच आले.

माही नात करिष्मा, सदरले एका हापिसात कामाले जाते, तिले पाहाले येणार होते. कुहीकडच्या एका खेड्यातले, रुपराव म्हणून धानाचा शेतकरी, त्याची बायको गोपिका, अन् पोरगा मोहित. ज्या दिवशी येणार त्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत दुपट्टा टाकून राहिलो होतो, तं करिष्मा येऊन उभी राहिली. म्हणे, आबाजी, माह्या एका मैत्रिणीचं असं झालं, ती चहा देऊन आत गेली, कप घ्याले परत बाहेर आली तं पेढे वाटून राहिले होते. पोट्टी हासत हासत सांगे, पण डोळे हासत नव्हते. मंग म्हणे, 'मले विचारल्याबिगर कोणी हो म्हणाचं नाही. तुम्ही पाहाल?'

म्या म्हटलं, 'मी बसलो हावो ना बाई तिथं. माह्यासमोर कोण हो म्हणते?'

आता यात मी काय चुकीचं बोललो? मी साऱ्यांवर ध्यान ठेवाले तयार होतो. धर्मेंद्रवर ठेवलं, दिपालीवर ठेवलं. माह्यावर कोण ठेवणार?

पाहुणे यायच्या आधी सूनबाईनं काय केलं, दाराच्या मागचे सारे पुसाचे टावेल काढले, कारण ते जुने दिसत, अन् ते नेऊन टाकले मशीनमंधी अन् मशीन केली चालू. बाथरूममंधी राहिल्या रिकाम्या दांड्या, अन् वर फळीवर रिबनवाले. दिसाले झकास. मोबाईलवाल्या बाईनं पाहिलं असतं तं तिनं पाठ थोपटली असती.

भर दुपारी ते लोक आले. रुपराव माह्याहून लहान, पण मिशा पांढऱ्या, शर्ट-पँट घालून. दुपट्टा बायकोनं घेऊ नाही देल्ला, शहरात जाऊन राहिलो म्हणून. तो आला तसा म्हणे, जरा हातपाय धुतो. गेला. गावचा माणूस, दोन थेंबांत त्याचं भागते का? हात, पाय, तोंड, मान, कानाच्या मागं, सारं धुतलं, बाहेर आम्हाले आवाज येऊन राहिला होता. मंग आवाज बंद झाला. बंदच राहिला. मी समजलो... आता तो टावेल पाहून राहिला. दांड्या रिकाम्या. वर रिबन. भला माणूस दुसऱ्याच्या घरची गाठ सोडन का? नाही सोडणार. तो तसाच बाहेर आला, हॉलच्या मधात उभा राहिला, अन् मिशातून पाणी टप टप फरशीवर.

धर्मेंद्र सरबत आणाले आत गेला होता, दिपाली पोह्यात होती. हॉलमंधी पाहुणे अन् मी. माह्या खांद्यावर दुपट्टा होता, पण तो माह्या घामाचा, पाहुण्याले कसा द्याचा? म्हणून मी उठलो. मले उठाले वेळ लागते. आत गेलो, आडवा होऊन. फळीवरचा एक काढला. रिबनची गाठ सुटेना, सूनबाईनं लग्नाची गाठ मारावी तशी मारली होती, दातानं सोडवली. बाहेर आलो, अन् टावेल देल्ला. आता पाहुण्याले काही द्याचं असलं, पाण्याचा पेला असो का पान असो, मी दोन्ही हातानं देतो, जरा वाकून. माह्या बापानं तसंच शिकवलं. तसाच टावेलही देल्ला.

रुपराव टावेलाकडं पाहे, माह्याकडं पाहे, परत टावेलाकडं पाहे.

तुम्हीच सांगा, त्यानं काय समजावं? टावेल नवा कोरा. देणारा घरचा सगळ्यात म्हातारा. पोरगी पाहाचा दिवस. चारचौघात, उभ्यानं, दोन्ही हातानं! त्यानं टावेल घेतला, कपाळाले लावला, अन् वाकून माह्या पाया पडला. अन् कोणी पाया पडलं तं माणूस काय म्हणन? मी म्हटलं, सुखी राहा गा.

झालं. सोयरिक जमली.

मले काय माहीत! मी आपला त्याले खुणेनं सांगून राहिलो, पुसा, पुसा. तो हात जोडून राहिला. टावेलाची घडी केली, मांडीवर ठेवली, अन् ओल्या तोंडानं खुर्चीवर बसला. मानाचा टावेल कोणी तोंडाले लावते का? नाही लावत. पाणी भुवयांतून गालावर, गालावरून मिशीत, मिशीतून शर्टवर... तेवढ्यात धर्मेंद्र सरबत घेऊन आला, त्यानं पाहिलं, पाहुण्याच्या तोंडावर पाणीच पाणी, त्याले वाटलं माणूस रडून राहिला, तं म्हणे, काय झालं काका? रुपराव म्हणे, 'काही नाही इवाई, आनंद झाला.'

इवाई! पोरीचा सासरा तो इवाई. अजून पोरगी बाहेर आली नाही, पोहे आले नाही, अन् हा इवाई झाला. मोहित, तो पोरगा, कोपऱ्यात बसून आपल्या बापाकडं पाहून राहिला होता, त्याच्याही चेहऱ्यावर काही समजल्यासारखं दिसत नव्हतं. अन् रुपरावनं फोन काढला, आपल्या भावाले लावला, अन् गावात बसून ओरडावं तसा ओरडून म्हणे, हो हो, जमलं, टावेल भेटला!

करिष्मा तवाच पोह्याच्या प्लेटा घेऊन दारात आली होती.

'आबाजी,' म्हणाली. प्लेटा ठेवल्या अन् आत गेली.

पाहुणे गेल्यावर घरात काय झालं म्हणता? काही नाही झालं. तेच तं वाईट. धर्मेंद्र म्हणे बाबा, आता झालं ते झालं, पोरगा चांगला हाय, नोकरीले हाय, लोकाहीले सांगून बसले ते, आता कोणत्या तोंडानं नाही म्हणाचं? दिपाली बाथरूममंधी उभी राहून म्हणे, फळीवर एक जागा रिकामी दिसून राहिली, तिथं काय ठेवू? अन् करिष्मा रोज माह्या बाजूले बसून जेवते, त्या दिवशी माहं ताट वाढलं, पाणी ठेवलं, अन् आपण ओट्याजवळ उभ्यानं जेवली. मले काय, मले एक दुपट्टा पुरते... पण त्या पोरीले म्या शब्द देल्ला होता, अन् त्याच हातानं टावेल देल्ला.

दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलो अन् कुहीले गेलो. तिथून पुढं एका टेम्पोवाल्यानं सोडलं. रुपरावच्या घरी पोहोचलो तं मोठं स्वागत, इवाईचे वडील आले, पाणी आणा, चहा आणा. आता असं जाऊन एकदम थोडीच सांगता येते? आधी धानाचं झालं, मंग कीड लागली का त्याचं झालं, मंग त्याच्या मामेभावाचं अन् माह्या साळ्याचं काही तरी नातं निघते ते झालं, दुसरा चहा झाला, तवा मी म्हटलं, रुपराव, तो टावेल तोंड पुसाले होता.

गोपिकाबाई सुपात तांदूळ निवडून राहिली होती, तिनं सूप खाली ठेवलं. म्हणे, 'मी रस्ताभर म्हणतच होती, टोपी काहून नाही देल्ली?'

'मले वाटलं शहरात टोपी बंद झाली असन,' रुपराव म्हणे.

मंग त्या दोघांचं लागलं. ती म्हणे टोपीबिगर टावेल म्हणजे मान अर्धा, कुंकूही नव्हतं. तो म्हणे अर्धा तं अर्धा, झाला ना मान? म्या म्हटलं, अर्धा नाही गा, काहीच नाही, तुमच्या मिशातून पाणी गळून राहिलं होतं म्हणून देल्ला. तो म्हणे मंग पाया काहून पडू देल्लं? म्या म्हटलं, तुम्ही एकदम वाकलेच, मले मागं सराले वेळ लागते. तो म्हणे अन् सुखी राहा काहून म्हटलं? म्या म्हटलं, तं काय दुःखी राहा म्हणू?

मोहित दारात उभा होता. केव्हाचा उभा होता काय माहीत. तो म्हणे, 'आजोबा, तिनं काय म्हटलं?'

एवढ्या लोकांत त्या पोरानंच विचारलं.

म्या म्हटलं, 'तिले अजून कोणी विचारलंच नाही गा.'

रुपराव उठला. आत देवापाशी टावेल ठेवला होता, तो घेऊन आला. पुन्हा माह्यासमोर बसला, टावेल मांडीवर घेऊन, पण तोंड कोरडं. बराच वेळ त्याची घडी नीट करत राहिला. मंग म्हणे, 'देल्लेला मान परत घेत नाहीत, अन् नसलेला मान मी ठेवत नाही. हा तुमच्याकडं ठेव म्हणून न्या. पोरगी हो म्हणन तं टोपी घेऊन या, मले पाटावर बसवून द्या. नाही म्हणन तं आंग पुसा त्यानं. मले सांगाले कोणी लाजू नका.'

तुम्हाले सांगतो, असा माणूस. मी टावेल घेतला. दोन्ही हातानंच घेतला, पण आधी इकडंतिकडं पाहून घेतलं.

घरी आणला, तं पंचाईत. हा ठेवाचा कुठी? फळीवर ठेवला तं शोच्या टावेलात मिसळून जाईन. दाराच्या मागं टाकला तं कोणी आंग पुसन, अन् मंग तो पोरीचा नकार धराचा का नाही? धर्मेंद्र म्हणे लाल रिबन लावा. दिपालीनं मोबाईलवाल्या बाईले विचारलं, तिले असा टावेल माहीतच नाही. देवापाशी ठेवा, फ्रीजवर ठेवा, सारे बोलून राहिले... करिष्मा उठली, माह्या हातातून टावेल घेतला, अन् आपल्या हापिसच्या पिशवीत टाकला. डब्याच्या बाजूले. तो दिवस गेला, अन् मंग रोज तो टावेल तिच्यासंगं सदरले जाय अन् संध्याकाळी परत येई. अन् रात्रीचं ताट घेऊन ती परत माह्या बाजूले बसाले लागली.

कोणी तिले विचारे ना. धर्मेंद्र मले विचारे, बाबा, काही समजलं? मी म्हणो, टावेल पिशवीत हाय. बस. मधात एक दिवस ती मोहितले भेटली, सदरलेच, चहा पिला दोघाहीनं. घरी येऊन म्हणे, चांगला हाय आबाजी, हळू बोलते. एवढंच म्हटलं, तं दिपालीनं माह्या मानाच्या टोप्यांतली एक नवी टोपी काढून तिले इस्त्री मारली. म्या म्हटलं सूनबाई, ठेव ती, घाई नको करू. तं म्हणे, सुरकुत्या होत्या मामाजी, म्हणून मारली. असन. मले काय, मले एक दुपट्टा पुरते.

अन् मंग त्या रविवारी... सारे घरी होते, धर्मेंद्र पेपर वाचून राहिला होता, मी बाल्कनीच्या दारात बसलो होतो. बाथरूमचं दार अर्धं उघडलं, अन् करिष्मा आडवी होऊन बाहेर आली. केस धुतले होते. अन् डोक्याले गुंडाळला होता तोच टावेल.

दिपालीच्या हातातला झारा तसाच राहिला. 'अवं, तो मानाचा टावेल हाय ना वं.'

'ओला झाला आता, आई,' करिष्मा म्हणाली, अन् माह्या बाजूनं बाल्कनीत जाऊन उन्हात उभी राहिली.

धर्मेंद्रनं वाचलेलंच पान परत पहिल्यापासून वाचाले घेतलं. थोड्या वेळानं मी त्याले म्हटलं, रुपरावले फोन लावून दे. त्यानं लावून देल्ला अन् आत गेला.

म्या म्हटलं, 'रुपराव, पुसलं गा.'

तो म्हणे, 'तिनंच पुसलं ना? दुसऱ्या कोणी तं नाही?'

'तिनंच. केस.'

'बरं,' म्हणे. मी तसाच धरून बसलो. तोही धरून बसला. मंग म्हणे, 'पाणी टिपते का तो?'

म्या बाल्कनीत पाहिलं. करिष्मा डोकं खसखसा पुसून राहिली होती, अन् केसातून पाणी खांद्यावर गळूनच राहिलं होतं.

'नाही टिपत गा,' म्या म्हटलं, 'इकडचं पाणी नुसतं तिकडं करते.'

'असं काय?' रुपराव म्हणे. 'मंग त्या दिवशी म्या तोंड नाही पुसलं, तं काही नुकसान नाही झालं.'